शब्दांच्या मागावर : सजा गेली, शब्द राहिले



मागच्या अंकात आपण स्वयंपाकघरातल्या शब्दांमागे हिंडलो. पाटा, वरवंटा, रोवळी, फुंकणी या मंडळींची आठवण काढल्याबद्दल बऱ्याच जणांचे फोन आले. या वेळी जरा कोर्टकचेरीत जाऊ. घाबरू नका, ट्रॅफिक टिकेटासाठी नव्हे.

पुढचं वाक्य वाचा. "बँकेने हप्त्याचा तगादा लावला, धाकट्याने खेळण्यांच्या दुकानात धरणं धरलं, थोरलीने कॉलेजवरून त्रागा केला, ह्यांनी माझ्या प्रत्येक बेतात खोडा घातला, शेवटी सहनशक्तीचा कडेलोट झाला आणि मी मंडळाच्या कमिटीचा राजीनामा देऊन टाकला!"

आपल्याकडची कोणीही ताई किंवा वहिनी हे फोनवर सहज बोलून जाईल. आठवड्याची नेहमीची तक्रार, दुसरं काय! पण यातले तगादा, धरणं, त्रागा, खोडा, कडेलोट आणि राजीनामा हे सहाच्या सहा शब्द अडीचशे वर्षांपूर्वी कर्ज, कचेरी आणि सजेच्या व्यवहारातले होते. त्यातल्या काहींनी माणसं लंगडी झाली, काहींनी जीव गेले. आज ते आपल्या दिवाणखान्यात चहाच्या कपाबरोबर फिरतात.

मी पेशाने इंजिनियर. पण मोल्सवर्थसाहेबाचा मराठी कोश माझ्या टेबलावर कायम असतो. १८३१ साली तो पहिल्यांदा छापला गेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा निघाला. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर अवघ्या तेरा वर्षांत तो हाती आला. जुनी कचेरी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्याच तोंडचे शब्द त्यात आहेत. त्याच्या जोडीला एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावर लिहिलेला १८१९चा अहवाल आणि वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा १९५३चा ग्रंथ घेतला, की बराच उलगडा होतो.

आधी तगादा. आज तगादा म्हणजे नुसती आठवण, फार तर तीनदा आलेलं पत्र. तेव्हा तगादा ही कृती होती. देणेकरी आपल्या बरोबरीचा किंवा खालचा असेल, तर सावकार त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवून ठेवी. देणेकरी मोठा असेल, तर मात्र उलटा प्रकार. सावकाराने त्याच्या उंबऱ्यावर आडवं पडायचं, रस्त्यात लोळण घ्यायची, दारात उपास करत बसायचं. हेच धरणं. यातली खुबी अशी की दारात माणूस उपाशी बसला असताना घरातल्यांनीही जेवायचं नाही असा रिवाज होता. एल्फिन्स्टन लिहितो की मागणी रास्त असेल तोवर अशा माणसाला हुसकावणं अब्रूला कमीपणा आणणारं समजत. शिपायांचा पगार थकला की तेही सरदाराच्या दारात धरणं धरीत. ना वकील, ना स्टॅम्पपेपर. सगळा जोर अब्रूवर.

त्याच्या पुढची पायरी त्रागा. आज मुलगी दार आपटून खोलीत गेली की आपण म्हणतो, "उगाच त्रागा करू नकोस." मूळच्या त्राग्यात माणूस स्वतःलाच जखमी करून घेई, जीवही देई, कधी घरातल्याचाही घेई. हेतू एकच, ते पाप समोरच्याच्या माथी बसावं. दुबळ्याचं हे शेवटचं हत्यार. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली, तेव्हा तिच्या ५०८व्या कलमात, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काम करवून घेणं हा गुन्हा ठरवला. उदाहरणं कुठली दिली असतील? एक, दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसणं. दोन, 'माझं ऐकलं नाहीस तर मी माझ्याच मुलाला मारीन' अशी धमकी देणं. म्हणजे आपलं धरणं आणि आपला त्रागा, दोन्ही थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले!

आता राजीनामा. आज नोकरी सोडताना देतात तो. शब्दाचा नुसता अर्थ पाहिला तर 'राजी असल्याचा कागद'. भांडण पंचांपुढे गेलं, की सुरुवातीलाच वादी आणि प्रतिवादी दोघांकडून लिहून घेत, की या मंडळींनी जो निवाडा करावा तो आम्हांस मान्य. त्या कागदाचं नाव राजीनामा. त्याला जोडून निवाड्याप्रमाणे वागू यासाठी जामीन द्यावा लागे, तो वर्तणूकजामीन. बोलावू तेव्हा हजर राहू यासाठी दुसरा, तो हाजीरजामीन. लक्षात घ्या, जामीन हा तेव्हा जिवंत माणूस होता, हमी घेणारा. आज आपण 'जामीन मंजूर झाला' म्हणतो तेव्हा तो माणूस नाहीसा होऊन नुसता कागद उरलेला असतो.

मग दोन्ही बाजूंनी आपापली हकीकत लेखी द्यायची, तिला करीना म्हणत. साक्षीपुरावा होई. न्यायाला बसणाऱ्या सभेत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे असत, तसेच गावचे बलुतेदारही असत. या गोताच्या सभेने केलेल्या महजरावर सगळ्यांची नावं आणि निशाण्या पडत. पाटलाच्या नावाशी नांगर, बाकीच्यांच्या नावाशी आपापल्या धंद्याचं हत्यार. लिहिता येत नव्हतं, पण निर्णयावर सुताराची आणि न्हाव्याची निशाणी होती. आपल्या मंडळाच्या जनरल बॉडी मीटिंगला कोरम जमवताना काय दमछाक होते ते आठवा, म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल!

निवाडा झाला की हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यायचं. म्हणजे काय, तर 'माझा दावा खोटा, मी हरलो' असं आपल्याच हाताने लिहायचं. पुढे तेच भांडण पुन्हा उकरून काढता येऊ नये म्हणून ही सोय. आणि शेवटी पैसे. हरणाऱ्याने सरकारात भरायच्या दंडाचं नाव गुन्हेगारी. जिंकणाऱ्यानेही आनंदाने काही भरायचं, त्याचं नाव हरकी. दोघांनीही भरायचं! इथल्या लॉयरची बिलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात काही नवीन वाटणार नाही. गुन्हेगारी हा शब्द आज 'शहरात गुन्हेगारी वाढली' असा येतो. तेव्हा गुन्हेगारी वाढली म्हणजे तिजोरीत भर पडली असं म्हणायला हरकत नव्हती.

याच यादीत एक शब्द आहे जो वाचून मी मोठ्याने हसलो. मसाला! सरकारचा प्यादा कुणाला बोलवायला गेला, की त्याच्या येण्याजाण्याचा आणि खाण्यापिण्याचा खर्च ज्याला बोलावलं त्याच्याच माथी. त्या वसुलीला मसाला म्हणत. कचेरीतून दहा रुपये मसाला आला, तर तो डब्यात भरून ठेवण्यासारखा नव्हता.

पुरावा अगदीच जुळेना, तर दिव्य. आज आपण उपहासाने म्हणतो, "काय दिव्य केलंस!" तेव्हा रवादिव्य म्हणजे उकळत्या तेलातुपात टाकलेला धातूचा तुकडा, म्हणजे रवा, उघड्या हाताने बाहेर काढायचा. मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी सभेपुढे उघडायचा. फोड आला असेल तर माणूस खोटा, हात शाबूत असेल तर खरा. माझ्यातला इंजिनियर इथे अस्वस्थ होतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दिव्याची वेळ आली, की खोटं बोलणारा बऱ्याचदा आधीच मागे सरे. उकळत्या कढईचं खरं काम कढईत हात जाण्यापूर्वीच होत असे. अर्थात जो निरपराध भित्रा असेल, तोही मागे सरत असणारच. त्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची?

गावाच्या शिवेचा वाद असला तर आणखी एक रीत होती. गावच्या महाराने डोक्यावर कातडं घेऊन शीव चालायची. तो ज्या वाटेने चालेल ती हद्द. ज्याला गावात घर बांधू देत नव्हते, त्याचं पाऊल मात्र अख्ख्या गावाची हद्द ठरवत होतं. या विसंगतीकडे पुन्हा येऊच.

आता सजेकडे वळू. खोडा म्हणजे लाकडाचे दोन जाड ओंडके, मधे भोकं. त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, की तो जागचा हलत नाही. 'कामात खोडा घालणे' इथलंच. या देशात व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गला कोर्टाबाहेर असेच लाकडी सांगाडे उभे आहेत. आपण सगळेच मुलांची डोकी आणि हात त्यात घालून फोटो काढतो आणि गावी आजीआजोबांना पाठवतो. मूळच्या सांगाड्यात अडकलेल्याला येणारेजाणारे चिखल आणि दगड मारत, हे फोटोत दिसत नाही.

मुसक्या बांधणं म्हणजे दंड पाठीमागे आवळून बांधणं. चतुर्भुज करणं हेही तेच. आता चतुर्भुज होणं म्हणजे लग्न होणं असा अर्थ झाला आहे. विवाहित वाचकांनी हा प्रवास कसा झाला असेल याचा विचार आपापल्या घरी, हळू आवाजात करावा.

धिंड म्हणजे डोकं भादरून, गाढवावर बसवून गावभर फिरवणं. कडेलोट म्हणजे गडाच्या कड्यावरून ढकलून देणं. रायगडच्या टकमक टोकावर आता कठडा आहे आणि फोटोसाठी रांग असते. तोफेच्या तोंडी देणं म्हणजे आज बॉसपुढे दुसऱ्याला पुढे करणं. पूर्वी ते शब्दशः होतं, आणि ते काही आपल्याच राजवटींपुरतं नव्हतं. १८५७च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी मंगल गडिया आणि सय्यद हुसेन या दोघा शिपायांना मुंबईच्या एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, लोकांसमक्ष तोफेच्या तोंडी दिलं.

हत्तीच्या पायी देणं ही बंडखोरांसाठीची सजा. या एका सजेने मराठी राज्याचं काय केलं ते पाहा. १८०१च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाने यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी याला शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं. दीड वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतरावांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा फडशा पाडला. बाजीराव पळाला, थेट इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून बसला. सोळा वर्षांत पेशवाई संपली. भावाभावांतली आणि सरदारांतली भांडणं आधीपासून होतीच, सगळं खापर एका हत्तीवर फोडता येणार नाही. पण सूड म्हणून दिलेली सजा देणाऱ्यावरच उलटते, याला यापेक्षा ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सगळं आज काढायचं कारण सांगतो. आपल्या मराठी शाळेच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात यंदा मुलांनी रांझ्याच्या पाटलाचा प्रवेश केला. मुलांनी छान केला, उच्चार तर इतके स्वच्छ की शिक्षिकांना शाबासकी द्यायला हवी. पाटलाला हातपाय तोडण्याची सजा सुनावली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर जेवणाच्या रांगेत एक ज्येष्ठ काका म्हणाले, "असा न्याय पाहिजे बघ! नाहीतर आताची कोर्टं. वीस वर्षं तारखाच चालू." आजूबाजूच्या बऱ्याच माना हलल्या. आणि आठवीतली एक मुलगी, इथेच जन्मलेली, हळूच म्हणाली, "काका, पण सगळ्या पाटलांना अशी शिक्षा व्हायची का?"

प्रश्न लहान, पण नेमका वर्मावर बोट ठेवणारा. काकांचं वय आणि मान लक्षात घेऊन तिथे कोणी काही बोललं नाही. काकांबद्दल मला आदर आहे, त्यांनी हे मंडळ उभं केलं आहे. पण उत्तर द्यायला हवं, म्हणून इथे देतो.

रांझ्याची गोष्ट खरी आहे. शिवाजीमहाराजांच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं, १६४०च्या दशकातलं पत्र उपलब्ध आहे. रांझे गावचा मोकदम बाबाजी गुजर याने बदअमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी जप्त केली असं त्यात आहे. पण पत्र तिथे संपत नाही. त्याच्याच गोतातला सोनजी गुजर पुढे आला, त्याने बाबाजीला सांभाळायचं पत्करलं, आणि सरकारात रक्कम घेऊन पाटीलकी सोनजीला दिली. म्हणजे सजेनंतर त्या माणसाचं काय होणार, याची व्यवस्थाही त्याच कागदात आहे. आपल्या प्रवेशात तो भाग नव्हता. या पत्राचं खरं मोल सजेच्या भीषणतेत नाही. गावचा सर्वांत वजनदार माणूस कायद्यापुढे उभा केला गेला, यात आहे. म्हणूनच पावणेचारशे वर्षं लोकांनी ती गोष्ट जपली. नेहमी घडणारी गोष्ट कोणी एवढी जपून ठेवत नाही.

नेहमी काय घडे? पेशवाईच्या अखेरीबद्दल एल्फिन्स्टन स्पष्टच सांगतो, की गुन्हा काय यापेक्षा गुन्हेगाराची जात कुठली याकडे जास्त लक्ष असे. खून विशेष क्रूर नसेल तर बहुधा दंडावर भागे. वाटमारीला मात्र बहुतेक देहान्त, कारण वाटमारी करणारे बहुधा खालच्या थरातले. ब्राह्मणाला देहान्त सजा नव्हती. त्याला गडावर कैदेत ठेवत. पण त्यातही पळवाट होती. ज्याला उघड मारता येत नाही अशा कैद्याला निम्मं पीठ आणि निम्मं मीठ अशी भाकर देत, असंही एल्फिन्स्टनने नोंदलं आहे. कागदावर अन्न, प्रत्यक्षात विष. आणि बायकांचं काय? बदकर्माचा आरोप शाबीत धरला गेला की कित्येक जणींना सरकारी बटीक करून गडावर किंवा कोठीत राबायला लावत. त्याच गुन्ह्यातला पुरुष बऱ्याचदा दंड भरून घरी जाई.

एल्फिन्स्टन जिंकणाऱ्यांच्या बाजूचा होता, त्याने काळं जास्त काळं दाखवलं असेल, असं कोणी म्हणेल. ठीक आहे. पण जातीप्रमाणे आणि बाई-पुरुष पाहून सजा बदलत होती हे आपल्याच दप्तरांतूनही दिसतं. सरकारचा राजदंड वेगळा आणि धर्माचा ब्रह्मदंड वेगळा. दंड भरला तरी प्रायश्चित्त उरायचं. ते केलं, गोताला जेवण घातलं, की जातीत परत घेत आणि तसा कागद देत. त्या कागदाचं नाव शुद्धिपत्र! आज आपले संपादक अंकाच्या शेवटच्या पानावर छापतात ते. प्रायश्चित्ताचं नाव ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना मिळालं, हा मला भाषेने केलेला सगळ्यांत चांगला निवाडा वाटतो.

न्यायाची मान उंच करणारी माणसंही होतीच. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं अशी जी कथा सांगतात, तिच्यातूनच 'ध चा मा करणे' आपल्याला मिळालं. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून गादीवर बसलेल्या रघुनाथरावालाच दोषी ठरवलं आणि स्वतः पुणं सोडलं. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितल्याची कथा आपण शाळेत शिकलो. पण ती सजा कधीच अमलात आली नाही, हे शाळेत कोणी फारसं सांगत नसे.

याच्या उलट घाशीराम कोतवाल. १७९१च्या ऑगस्टअखेर त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. पुण्यात दंगा उसळला. घाशीरामची धिंड निघाली आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांच्या १९७२च्या नाटकामुळे तो आपल्याला माहीत आहे. अपराध मोठाच होता. पण नाटक पाहिलेल्यांना आठवत असेल, की त्याला त्या खुर्चीवर बसवणाऱ्याच्या अंगाला धक्काही लागला नाही. न्याय झटपट झाला खरा. एकाच माणसाचा झाला.

तर त्या मुलीला उत्तर असं : नाही बाळ, सगळ्या पाटलांना होत नव्हती. ज्याला झाली त्याची गोष्ट झाली. ज्याने दंड भरून सुटका करून घेतली, त्याचं नाटक कोणी करत नाही.

आणि हे सांगताना मान खाली घालायचं कारण नाही. आपण जिथे राहतो त्या देशाचीही हीच कथा आहे. इंग्रजी कायद्यात पाद्र्यांना फाशीतून सूट होती. पुढे बायबलातलं वचन वाचून दाखवील त्या कोणालाही ती मिळू लागली. थोडक्यात, अक्षर येतं त्याची मान वाचते! १७७० साली बॉस्टनच्या गोळीबारात दोषी ठरलेले दोन शिपाई याच सवलतीवर वाचले आणि अंगठ्यावर डाग घेऊन घरी गेले. त्यांचा वकील होता जॉन अ‍ॅडम्स, पुढचा राष्ट्राध्यक्ष. डेलावेअर राज्यात चाबकाचा खांब कायद्यातून १९७२ साली गेला. शेवटचे फटके १९५२ साली मारले गेले होते, आणि जॉर्जटाउन गावात उभा राहिलेला खांब २०२० साली उखडला. टकमक टोक आणि तो खांब यांत काळाचं अंतर आपण समजतो तेवढं नाही.

आणखी एक सजा उरली, आणि ती आपल्या अगदी जवळची आहे. काळं पाणी. आपण म्हटलं की अंदमान आठवतं आणि सावरकरांची 'माझी जन्मठेप'. पण अंदमानच्या आधीही लोकांना समुद्रापार धाडत होते. १८१५ पासून हिंदुस्थानातले सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला पाठवले गेले. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. तिथले रस्ते त्यांनी बांधले. १८३६ साली डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने हे कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहून ठेवलं. समुद्र ओलांडला की जात जाते या भीतीनेच ती सजा देहान्ताइतकी जड होती.

आपण एम.एस.चा आय-ट्वेंटी हातात घेऊन, विमानतळावर हार घालून घेत, हाच समुद्र ओलांडला. कोणी पेढे वाटले, कोणाच्या आईने डब्यात लोणचं दिलं. शंभर-दीडशे वर्षांत सजेचं बक्षीस झालं. मात्र वडील आजारी पडल्याचा फोन रात्री तीनला येतो आणि तिकीट पाहू लागतो, तेव्हा त्या जुन्या शब्दातला थोडासा खारटपणा जिभेवर येतो, हेही खरं. ते कैदी कोण होते, त्यांनी कोणती गाणी म्हटली, आपल्याला काही माहीत नाही. पण परदेशी मराठी माणसाचा इतिहास लिहायला बसलो, तर पहिल्या पानावर इंजिनियर-डॉक्टरांच्या आधी त्यांना जागा द्यावी लागेल.

भारतात १ जुलै २०२४ पासून १८६०ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही नवी सजा तिने आणली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं. पण तुम्ही पैज लावा, अजून पन्नास वर्षांनीही लबाड माणसाला कोणी 'तीनशे अठरा' म्हणणार नाही. 'चारसोबीस'च म्हणतील. कायदा बदलायला संसद पुरते. शब्द बदलायला पिढ्या लागतात, आणि तोवर जुनी सजा शब्दात दबा धरून बसते.

पुढच्या वेळी मुलं विचारतील, "आई, कडेलोट म्हणजे काय?", तेव्हा 'टू मच' असं सांगून मोकळे होऊ नका. कडा दाखवा. त्यावरून कोण ढकललं गेलं आणि कोण वाचलं, तेही सांगा. मुलं इथल्या शाळेत गुलामगिरीचा इतिहास शिकतात, प्रश्न विचारतात. आपल्या इतिहासाबद्दलही त्यांना फक्त टाळ्याच वाजवायला लावल्या, तर मोठेपणी ती दुसऱ्या कोणाकडून उरलेली गोष्ट ऐकतील आणि मग आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. रामशास्त्र्यांचा वारसा सांगायचा, तर एवढं दिव्य आपल्याला करायलाच हवं. उकळतं तेल नाही, नुसतं खरं बोलायचं आहे.

असो. पुढच्या अंकात पेठ-बाजारातले शब्द घेऊ : हुंडी, बट्टा, दलाल, सव्वा आणि दीडी. तुमच्या आजीच्या तोंडचा एखादा कोर्टकचेरीचा शब्द राहिला असेल तर जरूर कळवा. तगादा लावणार नाही, धरणंही धरणार नाही. पण कळवलं नाहीत, तर मसाला तुमच्याकडून वसूल होईल!